मस्तानीने न प्यायलेली मस्तानी

दुपारचे तीन वाजलेत, बाहेर ऊन मी म्हणतंय. ज्या रानातून आत्ताच घरात आल्या असतील त्यांनी आधी तांब्याभर पाणी प्या, मग ऐका. घाई नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या बाया पाबळला गेल्या होत्या. शिरूर तालुक्यातलं पाबळ. काम उरकलं, गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही मस्तानीची कबर पाहायला गेलो. सोबत एकीची आठ वर्षांची लेक होती. तिनं विचारलं, "आई, हीच का ती ग्लासातली मस्तानी?" आम्ही पोट धरून हसलो. पोरीचं तरी काय चुकलं? पुण्याला गेल्यावर तिला दुकानात आंब्याची मस्तानी पाजली होती, तिला तेवढीच मस्तानी माहीत. पण परत येताना माझ्या डोक्यात तो प्रश्न राहिला. त्या बाईनं खरंच असं काही प्यायलं असेल का?

आधी त्या बाईविषयी. बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल म्हातारपणी मोठ्या संकटात सापडला. मुघलांचा सरदार महंमदखान बंगश त्याच्यावर चालून आला होता. 1729 साली बाजीराव पेशवे त्याच्या मदतीला धावून गेले. छत्रसालानं उपकाराची फेड म्हणून मुलूख दिला, आणि त्याची मुलगी मस्तानी बाजीरावांबरोबर पुण्याला आली. पुण्यानं तिला काही आपलं म्हटलं नाही. शनिवारवाड्यात तिला महाल मिळाला, 1734 साली मुलगा झाला, शमशेर बहादूर. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं तिला तोडून दिलेली होती. पण घरच्यांचा राग शेवटपर्यंत गेला नाही. बाजीराव मोहिमेवर असताना तिला अटकेत ठेवलं. 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले आणि त्याच सुमाराला तीही गेली. तिचा मुलगा 1761 मध्ये पानिपतावर लढला आणि जखमांनी गेला. ज्या बाईला जिवंतपणी घरात ताट मिळेना, तिच्या नावानं आज भर बाजारात ग्लास विकले जातात. मला तरी हे जरा विचित्र वाटतं.

आता ग्लासात काय असतं ते बघा. आटवलेलं गार दूध, आंब्याचा रस, बर्फ, आणि वर आईस्क्रीमचा गोळा. मस्तानीच्या पुण्यात दूध होतं, आंबाही होता. बर्फ नव्हता. उत्तरेत अकबराच्या काळापासून हिमालयातला बर्फ लाहोरला आणत आणि सोरा टाकलेल्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी गार करत, हे आईन-ए-अकबरीत लिहिलेलं आहे. पण वैशाखातल्या पुण्यात आईस्क्रीमचा गोळा? नाव काढायला नको.

आपल्याकडं बर्फ आला तो थेट अमेरिकेतून. खोटं वाटेल, पण खरं आहे. तिकडं थंडीत तळी गोठतात. त्या तळ्यांतला बर्फ करवतीनं कापायचा, लाकडाच्या भुशात दाबून जहाजात भरायचा आणि विकायला पाठवायचा, असा धंदा बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या माणसानं काढला होता. 1833 साली त्याचं जहाज कोलकात्याला लागलं. निघताना 180 टन बर्फ होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतरही 100 टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढच्या वर्षी, 1834 मध्ये, तो मुंबईत आला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत पाहुण्यांना आईस्क्रीम वाढलं. यजमान आणि पाहुणे, सगळ्यांना सर्दी झाली, आणि 'मुंबई समाचार'नं बरी खोड मोडली अशा थाटात बातमी दिली. म्हणजे मस्तानी जाऊन 94 वर्षं झाली, तेव्हा मुंबईत पहिला बर्फ उतरला. हिशेब तुम्हीच करा.

भुशातला बर्फ माझ्या आठवणीतही आहे. आठवडी बाजाराला सायकलवर पोत्यात गुंडाळलेली लादी यायची, भुसा पाण्यानं धुऊन रंध्यावर किसायची, गोळा करून लाल-हिरवं पाणी ओतायचं. ती लादी कुठल्या पाण्याची, हे कुणी विचारायचं नाही. आता नियम झाला आहे. 2018 पासून जो बर्फ खाण्यासाठी नाही, फक्त माल गार ठेवायला आहे, त्याला निळा रंग द्यावा लागतो. जत्रेत सरबताच्या गाडीवर निळसर लादी दिसली तर पोरांना हात धरून पुढं न्या.

बर्फ नवा, पण दूध आणि फळ एकत्र करणं जुनं आहे. त्यावरची भांडणंही जुनीच. चरकसंहितेत आंबट फळं दुधाबरोबर खाऊ नयेत असं सांगितलं आहे आणि त्या यादीत आंबाही आहे. पुढं सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात पिकलेला आंबा दुधाबरोबर घेतला तर बळ वाढवतो, चवीला गोड, पण पचायला जड, असं कौतुक केलेलं आहे. दोन्ही ग्रंथ आयुर्वेदाचेच. माझ्या सासूबाईंनी दोन्हीतला एकही पाहिला नाही, पण त्यांचा नियम या दोघांच्या मधला होता: "जीभ आंबली तर दुधात नको, जीभ गोड झाली तर चालेल."

आपलं शिकरणही असंच. हा शब्द संस्कृतातल्या शिखरिणीवरून आला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं 1130 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला, त्यात शिखरिणी आहे, पण ती दह्याची. आपण मराठी माणसांनी दह्याचं श्रीखंड वेगळं ठेवलं आणि शिकरण म्हणजे केळं आणि दूध असं धरलं. पाहुणा अवेळी आला, घरात काही नाही, दोन केळी आणि वाटीभर दूध आहे, तर झालं गोडाचं. पातळ केलं की तेच पेय.

आता ज्यासाठी मी आज बोलायला बसले त्याच्याकडं येते. दूध होतं, आंबा होता, तरी आपल्या आयांनी आणि सासवांनी हे ग्लासभर प्यायलं का?

पूर्वी खेड्यात दूध फारसं विकलं जात नसे. दही लागायचं, ताक व्हायचं, लोणी कढवून तूप बाजारात जायचं. ताक मात्र गल्लीभर फुकट असायचं. मुंबईला दुधाचा तुटवडा, म्हणून 1949 साली गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली. दारा खुरोडींनी ती उभारली. शहराच्या गोठ्यांतल्या म्हशी तिथं नेल्या. आरेच्या केंद्रावर काचेच्या बाटलीत 'एनर्जी' नावाचं गोड, सुवासिक दूध मिळायचं. मुंबईला असलेल्या कुणाही मावशीला विचारा, नळी घालून प्यायलेली ती बाटली तिला आठवते. तिकडं गुजरातेत आणंदला शेतकऱ्यांनी 1946 मध्ये संघ काढला, त्रिभुवनदास पटेल आणि पुढं वर्गीस कुरियन यांनी तो वाढवला. 1970 साली दुधाचा महापूर योजना देशभर सुरू झाली. 1998 मध्ये भारत जगात सगळ्यात जास्त दूध काढणारा देश झाला.

हे चांगलंच झालं. दहा दिवसांनी हातात पगार यायला लागला, पोरांच्या वह्या त्यातून आल्या. मी डेअरीच्या विरोधात नाही, माझ्या घरी दोन म्हशी आहेत. पण माझ्या माहेरी मी काय पाहिलं ते सांगते. आई पहाटे चारला उठून धार काढायची. चरवी सरळ किटलीत रिकामी व्हायची आणि भाऊ सायकलवर किटली नेऊन घालायचा. चरवीत पाणी खंगाळून ते पांढुरकं पाणी चहाला. जास्तीचं कधी राहिलंच तर ते आधी वडिलांना, मग भावांना. खातं वडिलांच्या नावावर. आईला दूध पिताना मी पाहिलेलं नाही. गावात आरोग्याचं शिबिर लागलं तेव्हा तिचं रक्त तपासलं, ते फार कमी निघालं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "अहो, दुधाच्या घरात राहता ना?" आई हसली आणि गप्प बसली. (दुधानं रक्त वाढतं असं नाही, त्याला पालेभाज्या, डाळी, गोळ्या लागतात, हे नंतर मला कळलं. पण जी दुधालाही शेवटी, ती बाकी सगळ्यालाही शेवटीच असते.)

म्हणून पाबळहून आल्यावर आम्ही गटाच्या बैठकीत ठरवलं की उन्हाळ्यात एकदा सगळ्यांनी मिळून मस्तानी करायची, आणि ती बाहेर विकायची नाही, आपण प्यायची. पहिल्या खेपेला फजिती झाली. एकीच्या बांधावरचे रायवळ आंबे आले, दिसायला पिवळे, आतून आंबटसर. रस कोमट दुधात ओतला आणि दूध फाटलं. तीन लिटर! आंबटपणा दुधाला लागला की त्यातला चोथा आणि पाणी वेगळं होतं, पनीर करताना लिंबू पिळतो तसंच. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या, बोलल्या काहीच नाहीत. त्या चोथ्यात गूळ घालून आटवलं आणि पोरांना वड्या केल्या.

दुसऱ्या खेपेला जे जमलं ते सांगते, लिहून घ्या. चार ग्लासांसाठी म्हशीचं अर्धा लिटर दूध. ते चांगलं उकळा आणि मंद आचेवर पाऊणपट होईपर्यंत आटवा, साय मोडत राहा. दोन चमचे साखर दूध गरम असतानाच विरघळवा. मग पूर्ण गार करा. फ्रीज असेल तर प्रश्न नाही. नसेल तर परातीत रेती पसरून ती ओली करा, त्यावर दुधाचं झाकलेलं भांडं ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि सावलीत वारा लागेल असं ठेवा. गोणपाटातलं पाणी सुकताना भांड्यातली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं हे छान जमतं. कोकणातल्या दमट हवेत तितकं नाही. मात्र असं ठेवलेलं दूध तीन-चार तासांच्या आत संपवा.

दोन पिकलेले गोड आंबे पिळून वाटीभर रस काढा, पुरणयंत्रातून किंवा गाळणीतून फिरवा म्हणजे धागे राहत नाहीत. आधी चाखा. जीभ आंबली तर तो रस पोळीबरोबर खा. रसही गार करा, मग दुधात थोडा थोडा घाला आणि रवीनं घुसळा. मिक्सर लागतोच असं नाही. आपल्या स्वयंपाकाला पेलेल असा देशी मिक्सर 1963 मध्ये मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर यांनी 'सुमीत' नावानं आणला, तो खेड्यात पोचायला पुढं कितीतरी वर्षं गेली, आणि पोचला तरी दुपारी लाईट असते कुठं? रवीनं फेस उलट चांगला येतो. वर आईस्क्रीमऐवजी जमवलेली साय साखर घालून फेटा आणि एकेक चमचा सोडा. वेलदोडा हवा तर घाला. मी घालत नाही, आंब्याचा वास मरतो.

केळ्याची, चिकूची अशीच होते. चिकूला साखर लागत नाही. अननस आणि कच्ची पपई मात्र दुधात घालू नका, दूध कडू होतं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी अर्धा ग्लास, तोही साखर न घालता, आणि डॉक्टरांना विचारून.

त्या दिवशी एकोणीस जणी होतो. पहिला ग्लास भरल्यावर एकीचा हात सवयीनं झाकणाकडं गेला, घरी धन्याला न्यायला. बाकीच्यांनी तिला बसवून तो प्यायला लावला. सासूबाईंनी दोन्ही हातांत ग्लास धरला, थोडं थोडं प्यायलं, आणि म्हणाल्या, "ह्यात मीठ कमी हाय." आम्ही बघत राहिलो. त्यांना जन्मभर ताकच ठाऊक!

त्यानंतर बैठकीत ठरलं की किटली डेअरीला जाण्याआधी एक पेला घरात काढायचा आणि तो धार काढणारीनं प्यायचा. एकोणीसपैकी सात जणी आजही काढतात. बाकीच्यांच्या घरी अजून कुरकुर चालू आहे. एकीच्या नवऱ्यानं महिन्याचा हिशेब मांडून दाखवला, तिनंही मग धार कोण काढतं, शेण कोण काढतं, याचा हिशेब मांडला. ते भांडण अजून मिटलेलं नाही, मिटलं की सांगेन.

आंबा संपला की सीताफळ येईल. त्याच्या बिया न फोडता गर कसा काढायचा, ते त्या वेळी सांगते. रेडिओ बंद करू नका, पुढं बाजारभाव आहेत.