बूमला लगाम कसा घालावा?

शिडाच्या होडीवर सर्वांत धोकादायक काय, असे विचारले तर आपण वादळाचे किंवा खडकाचे नाव घेऊ. अनुभवी दर्यावर्दी मात्र डोक्याजवळच्या एका दांडीकडे बोट दाखवील. मुख्य शिडाची खालची कड ताणून धरणारी ही आडवी दांडी म्हणजे बूम. शब्द डच भाषेतला. मूळ अर्थ झाड. तिचे एक टोक डोलकाठीला बिजागरीसारखे जोडलेले, दुसरे मोकळे. वारा पाठीमागून असताना ती एका बाजूला पूर्ण पसरलेली असते. वारा जरासा फिरला, किंवा सुकाणू थोडे जास्त वळले, की तो शिडाच्या दुसऱ्या अंगाला भरतो आणि दांडी सोसाट्याच्या वाऱ्यातल्या दारासारखी धाडकन पलीकडे जाते. मधे डोके आले तर काय होईल, हे सांगायला नको.

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या पडावांना किंवा अरबी गलबतांना ही धास्ती नव्हती, कारण त्यांच्या शिडाला खाली बूमच नसे. पण वारा मागे घेऊन बाजू बदलताना वरची लांबलचक काठी डोलकाठीभोवती फिरवून पलीकडे न्यावी लागे. त्यासाठी पुष्कळ हात लागत. बूमने ते हात वाचवले. बदल्यात धोका आणला.

शर्यतींच्या नादात बूम वाढतच गेली. 1903 मध्ये अमेरिका कप जिंकणाऱ्या ‘रिलायन्स’ नौकेची बूम 100 फुटांहून लांब होती. पण तिथे दोर ओढायला खलाशांचा ताफा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यांची संख्या वाढली. मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’वरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा केली. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीला फेरी घालून आले. दक्षिण महासागरात वारा दिवसेंदिवस पाठीशी असतो आणि एकट्या माणसाला झोपावे तर लागतेच. मग बूम सांभाळायची कोणी?

पहिला उपाय जुना आणि सोपा. बूमच्या टोकाला दोर बांधून तो होडीच्या पुढच्या टोकाकडे न्यायचा. त्याला प्रिव्हेंटर म्हणतात. बूम हलतच नाही. पण वारा उलट्या बाजूने भरला तर सगळा जोर त्या दोरावर येतो. होडी कलंडून बूमचे टोक पाण्यात बुडाले तर दांडीच मोडू शकते. म्हणून दोराचे दुसरे टोक सुकाणूजवळ आणतात, म्हणजे वेळ येताच तो सोडता येतो. तो बूमच्या मध्यावर बांधणे चुकीचे. तिथे ताण वाढतो. जून 2016 मध्ये न्यूझीलंडहून फिजीकडे निघालेल्या ‘प्लॅटिनो’ नौकेवर प्रिव्हेंटर टिकला नाही, बूम मोकाट सुटली आणि त्या दुर्घटनेत दोघांचे प्राण गेले.

दुसरा उपाय बूम ब्रेकचा. बूमखाली एक धातूचे साधन टांगायचे आणि दोन्ही काठांना बांधलेला दोर त्याभोवती गुंडाळायचा. बूम सरकते, पण घर्षणामुळे हळूहळू. धक्क्यावर खुंटाला दोराचे वेढे देऊन एकटा माणूस मोठी बोट रोखतो, तेच हे तत्त्व. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलर याने त्याचे सूत्र मांडले. घर्षणांक 0.25 धरला तर एका वेढ्याने रोखण्याची ताकद सुमारे 5 पट होते, दोन वेढ्यांनी 23 पट, तीन वेढ्यांनी 100 पटींहून जास्त. मात्र दोर ओला झाला किंवा झिजला की हा हिशेब बदलतो.

मग निवड कोणती करावी? लांबच्या प्रवासात वारा दिवसभर मागून असेल तर प्रिव्हेंटर हवाच. किनाऱ्यालगत, जिथे वारंवार दिशा बदलावी लागते आणि हाताशी माणसे थोडी, तिथे ब्रेक सोयीचा. पुष्कळजण दोन्ही बाळगतात. एक बूमला थांबवतो, दुसरा तिला सावकाश जाऊ देतो. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

आणि तरीही एक गोष्ट उरतेच. एरिक ताबार्ली हा फ्रान्सचा थोर दर्यावर्दी. 1964 आणि 1976 या दोन्ही वर्षी त्याने अटलांटिकची एकट्याची शर्यत जिंकली. जून 1998 मध्ये वेल्सजवळच्या समुद्रात, रात्रीच्या वेळी, शंभर वर्षांच्या आपल्या लाडक्या ‘पेन द्युइक’ नौकेवर शीड बदलताना त्याला दांडीचा फटका बसला आणि तो पाण्यात पडला. ती दांडी बूम नव्हती, शिडाच्या वरच्या कडेची होती. कमरेला होडीशी बांधणारा दोर त्याने लावला नव्हता. काही आठवड्यांनी मृतदेह सापडला.

बूमला लगाम घालणारी साधने बाजारात मिळतात, ती जरूर घ्यावीत. पण त्यांच्या भरवशावर दांडीच्या वाटेत उभे राहू नये.