पाणी पंचायत

उपलब्ध पाण्याची मर्यादा मान्य करून त्याचे माणशी वाटप करणारी ग्रामीण सामुदायिक सिंचनव्यवस्था. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील (जि. पुणे) नायगाव येथे तिचा पाया घातला. माणशी अर्धा व कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल इतकेच पाणी द्यावयाचे, असा दंडक होता. भूमिहीनांचाही हक्क मानला गेला. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. उसास बंदी होती. हाच नियम सर्वांत कसोटीचा म्हणावा लागेल. कारण पैशाच्या हिशेबात ऊस सरस, तर पाण्याच्या हिशेबात तो शेजाऱ्याचा वाटा गिळणारा. निसर्गाची मर्यादा आधी, न्याय्य वाटप नंतर आणि बाजारभाव शेवटी, हा परिस्थितिवैज्ञानिक अर्थशास्त्राचा क्रम येथे गावकऱ्यांनी आचरणात आणला. साळुंखे २००२ मध्ये निवर्तले. शासकीय कालव्यांचे पाणी मात्र जमिनीच्या प्रमाणातच मिळत राहिले.