शुक्रावतरण यानांतील शीतन

शुक्र ग्रहाच्या पृष्ठभागावर उतरणाऱ्या यानांतील इलेक्ट्रॉनीय उपकरणांचे उष्णतेपासून रक्षण करण्याची पद्धती. पृथ्वीवर कोणत्याही उपकरणातील उष्णता अखेर थंड हवेत वा पाण्यात सोडता येते. शुक्रावर तशी सोय नाही. तेथील तापमान सु. ४६०° से. व दाब पृथ्वीवरील वातावरणीय दाबाच्या सु. ९० पट आहे. प्रशीतन यंत्र तत्त्वतः चालेल. परंतु त्यास लागणारी शक्ती पुरविणे दुष्कर असते. म्हणून बाहेरची उष्णता शक्य तितकी अडविणे आणि आत शिरलेली साठवून ठेवणे, एवढाच मार्ग उरतो. यास शीतन म्हणण्यापेक्षा मुदत मिळविणे म्हणणे अधिक योग्य होईल.

सोव्हिएट संघाच्या ‘व्हेनेरा-७’ या यानाने १५ डिसेंबर १९७० रोजी शुक्राच्या पृष्ठभागावरून २३ मिनिटे क्षीण संकेत पाठविले. दुसऱ्या ग्रहाच्या पृष्ठभागावरून आलेले हे पहिले संकेत होत. १९७५ मधील ‘व्हेनेरा-९’ व ‘१०’ यांच्या रचनेत ही पद्धती परिपक्व झालेली दिसते. उपकरणे टिटॅनियमाच्या गोलाकार कवचात असून त्यांभोवती उष्णतानिरोधक थर होते. वातावरणात शिरण्यापूर्वीच कवचाचा अंतर्भाग सु. −१०° से. पर्यंत थंड करण्यात आला. आत लिथियम नायट्रेट ट्रायहायड्रेट हे लवण ठेवले होते. ते सु. ३०° से. ला वितळते व वितळताना सुप्त उष्णतेच्या रूपाने पुष्कळ उष्णता शोषते. मात्र सर्व लवण वितळल्यावर तापमान पुन्हा चढू लागते.

या यानांकडून अनुक्रमे ५३ व ६५ मिनिटे माहिती मिळाली. हे आकडे शीतनाची मर्यादा म्हणून दिले जातात, ते बरोबर नाही. संकेत पुढे धाडणारी परिभ्रमण याने आवाक्याबाहेर गेल्याने संपर्क तुटला होता. ३२ मिनिटांसाठी योजलेले ‘व्हेनेरा-१३’ हे १ मार्च १९८२ रोजी १२७ मिनिटे कार्य करीत राहिले.

पुढील प्रयत्नांची दिशा निराळी आहे. सिलिकॉनमध्ये उच्च तापमानास उष्णतेमुळेच इतके विद्युत् भारवाहक मुक्त होतात की, मंडलावर नियंत्रण राहत नाही. सिलिकॉन कार्बाइडात त्यांना मुक्त करण्यास बरीच अधिक ऊर्जा लागते. अमेरिकेतील नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रात शुक्रासारखी परिस्थिती निर्माण करून सिलिकॉन कार्बाइडाची संकलित मंडले कोणत्याही शीतनाविना व संरक्षक वेष्टनाविना चालविण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ती ५२१ तास चालली. ही मंडले अगदी साधी होती. कॅमेरा वा रासायनिक विश्लेषण यांसारख्या कामांसाठी लागणाऱ्या गुंतागुंतीच्या मंडलांपासून ती फार दूर आहेत. अशी उपकरणे न्यायची असल्यास निरोधक कवच व वितळणारे लवण यांची गरज राहतेच.