डॉट प्रॉम्प्टची शाळा

आधी एक गंमत सांगतो. 'डीबेस टू' हे नाव ऐकलं की वाटतं, त्याच्या आधी कधीतरी डीबेस वन आलं असणार. तर नाही! ते कधी आलंच नव्हतं. 'टू' म्हटलं की माल जरा मुरलेला वाटतो, म्हणून थेट दोनपासून सुरुवात. आणि ते विकणारी कंपनी कोण, तर ॲश्टन-टेट. यातले जॉर्ज टेट खरे, पण ॲश्टन नावाचं कंपनीत कुणीही नव्हतं. टेट यांचे भागीदार होते हॅल लॅशली. ॲश्टन हे नाव नुसतं भारदस्त वाटावं म्हणून जोडलेलं.

अशा थापांवर उभ्या राहिलेल्या या सॉफ्टवेअरने पुढची दहा-पंधरा वर्षं हिशेबनीस, कारकून, दुकानदारांची मुलं अशा कितीतरी लोकांना प्रोग्रामर बनवून टाकलं. अमेरिकेत आणि आपल्याकडेही. ऑफिसात नवीन आलेलं कुणी जेव्हा विचारतं की "ॲक्सेस येतं मला, आता ॲडव्हान्स्ड काय शिकू?", तेव्हा मला हा इतिहास आठवतो. कारण डीबेसच्या जमान्यात हा प्रश्न पडायचाच नाही. साधं कुठे संपलं आणि ॲडव्हान्स्ड कुठे सुरू झालं, हे शिकणाऱ्याला कळायचंही नाही.

मूळ गोष्ट १९७८ सालची. वेन रॅटलिफ हे कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे नासाची याने जिथून चालवतात तिथे, काम करत होते. ऑफिसात फुटबॉलच्या निकालांवर पैजा लागायच्या. गड्याला वाटलं, संघांची आकडेवारी नीट ठेवता आली तर जिंकता येईल. कागदावर करून वैताग आला, म्हणून घरी स्वतः जोडलेल्या इम्साय ८०८० या मायक्रोकॉम्प्युटरवर त्यांनी असेंब्लीत एक डेटाबेस प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं व्हल्कन (स्टार ट्रेकच्या मिस्टर स्पॉकचा ग्रह. इंजिनिअर मंडळी तेव्हाही अशीच होती :)). कल्पना मात्र सगळी त्यांची स्वतःची नव्हती. लॅबोरेटरीच्या युनिव्हॅक ११०८ या मोठ्या मशीनवर जेपीएलडिस नावाची एक माहिती-प्रणाली होती, जिच्यावर जेब लाँग यांनीही काम केलं होतं. तिच्या आज्ञा साध्या इंग्रजीसारख्या होत्या. रॅटलिफनी तीच धाटणी उचलली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कोर्टात येणार आहे.

हेच व्हल्कन ॲश्टन-टेटने डीबेस टू म्हणून ६९५ डॉलरला विकायला काढलं. १९८४ मध्ये डीबेस थ्री आलं, मग थ्री प्लस. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला गल्लोगल्ली जे कॉम्प्युटर क्लासेस निघाले, त्यांची पाटी आठवते का कुणाला? डॉस, वर्डस्टार, लोटस वन-टू-थ्री आणि डीबेस थ्री प्लस. आरतीच्या कडव्यांसारखी ठरलेली ओळ. यातले पहिले तीन शिकून माणूस ऑपरेटर व्हायचा. चौथं शिकून त्याच्या डोक्यात वेगळंच काहीतरी सुरू व्हायचं.

काय सुरू व्हायचं ते नीट सांगतो, कारण लेखाचा सगळा जीव इथे आहे.

डीबेस सुरू करून मेन्यूमधून बाहेर आलं की पडद्यावर फक्त एक टिंब दिसायचं. तोच डॉट प्रॉम्प्ट. त्याच्यापुढे 'यूज' आणि फाइलचं नाव लिहिलं की फाइल उघडली. 'लिस्ट' म्हटलं की यादी आली. 'लिस्ट फॉर' आणि पुढे अट लिहिली, की फक्त साताऱ्याचे ग्राहक, किंवा फक्त हजाराच्या वर थकबाकी असलेले. पहिल्या दिवशी एवढं यायचं. आठवड्याभराने याच आज्ञा रोज टाइप करायचा कंटाळा आला, की मास्तर सांगायचे, "या सगळ्या ओळी एका फाइलीत लिहा आणि 'डू' म्हणा." झाला प्रोग्राम! वेगळी भाषा नाही, वेगळं पुस्तक नाही. काल जे बोलत होतो तेच आज लिहून ठेवलं. मग त्याच ओळींभोवती 'डू व्हाइल' आणि 'एंडडू' बांधायचं, आत 'स्किप' टाकून पुढच्या रेकॉर्डवर जायचं. (स्किप राहिलं की मशीन पहिल्याच रेकॉर्डवर गरगर फिरत बसायचं. निम्म्या क्लासचा पहिला प्रोग्राम असाच अडकायचा.) पगारपत्रक, लाइट बिलं, सोसायटीचा मेंटेनन्स, लायब्ररीची पुस्तकं, सगळं याच चार ओळींच्या सांगाड्यावर उभं राहायचं.

आणि ॲडव्हान्स्ड गोष्टी? त्या बहुतेक वेळा काहीतरी मोडल्यावर शिकल्या जायच्या. इंडेक्सचंच बघा. डीबेस थ्रीमध्ये इंडेक्सची फाइल वेगळी असायची. कुणी मूळ फाइल उघडून दहा नवीन नावं भरली आणि इंडेक्स उघडायला विसरला, तर ती दहा नावं इंडेक्सला माहीतच नसायची. मग 'सीक' केलं की "सापडत नाही". फाइलीत माणूस डोळ्यांना दिसतोय आणि मशीन म्हणतंय नाही! अनुभवी माणूस यायचा, 'रीइंडेक्स' मारायचा, निघून जायचा. पण ज्याने "का?" विचारलं त्याला त्या दिवशी कळायचं की इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची असते, आणि पुस्तकात पानं घातली की सूची आपोआप बदलत नाही. किंवा 'डिलीट'. डिलीट केलेलं रेकॉर्ड खरं तर जागेवरच असायचं, फक्त सुरुवातीला एक फुली पडायची. 'रिकॉल' म्हटलं की परत. 'पॅक' म्हटल्यावर मात्र कायमचं गेलं. आणि 'झॅप' म्हणजे सगळी फाइल रिकामी. आधी विचारायचं, खरंच करू का म्हणून. पण ज्याने 'सेट सेफ्टी ऑफ' करून ठेवलं असेल, त्याला विचारतही नसे. बॅकअप हा शब्द पुष्कळांना याच आज्ञेने शिकवला.

इथे मराठीचाही एक दुवा आहे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की हीच डॉसवरची सॉफ्टवेअर्स देवनागरीत माहिती घ्यायची आणि दाखवायची. डीबेसला त्याचा पत्ताही नसायचा, त्याच्या दृष्टीने ते नुसते बाइट्स. पण सांकेतिक क्रमच वर्णमालेनुसार लावलेला असल्यामुळे नावांची क्रमवारी बऱ्यापैकी बरोबर यायची. पुढे विंडोजवर फॉन्टांचा जो गोंधळ झाला तो बघता, हे प्रकरण फार शहाणपणाचं होतं असं माझं मत.

असो. आता भांडण.

डीबेसची भाषा लोकप्रिय झाल्यावर इतरांनी ती बोलणारी सॉफ्टवेअर्स काढली. नॅनटकेट कंपनीच्या क्लिपरने डीबेसचे प्रोग्राम कंपाइल करून दिले. ओहायोतल्या फॉक्स सॉफ्टवेअरचं फॉक्सबेस तर मूळ डीबेसपेक्षा कितीतरी वेगाने पळायचं. १९८८ मध्ये ॲश्टन-टेटने डीबेस फोर आणलं ते बग्जनी बुजबुजलेलं, आणि त्याच वर्षी फॉक्सवर खटला भरला: भाषा आमची आहे. म्हणजे विचार करा. ज्या आज्ञा पाठ करून हजारो लोक पोट भरत होते, त्या आज्ञा एका कंपनीच्या मालकीच्या? उद्या तिने नाही म्हटलं तर दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये त्या चालायच्याच नाहीत? डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीशांनी ॲश्टन-टेटचा कॉपीराइटच रद्द ठरवला. कारण? डीबेस हे सरकारी लॅबोरेटरीतल्या जेपीएलडिसवरून घेतलंय, हे नोंदणी करताना लपवलं होतं! काही महिन्यांतच त्यांनी हा निकाल मागे घेतला, पण तोवर कंपनीची रया गेली होती. १९९१ मध्ये बोर्लंडने ॲश्टन-टेट विकत घेतली, आणि अमेरिकन सरकारच्या न्याय खात्याने अट घातली की फॉक्सवरचा खटला सोडून द्या. भाषा मोकळी झाली. मला हा प्रसंग त्या सगळ्या बाजारकथेत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

त्याच वर्षी फॉक्सप्रो २.० आलं. यात रशमोर नावाचं तंत्र होतं, ज्याने साध्या पीसीवर लाखो रेकॉर्डांतून क्षणात उत्तर यायचं. पण एक मेख होती. इंडेक्स जर 'अपर' लावून म्हणजे कॅपिटल अक्षरांवर बनवला असेल, तर अटही तशीच 'अपर' लावून लिहायला हवी. एवढंसं चुकलं की रशमोर गप्प, आणि मशीन पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी रेकॉर्डं चाळत बसणार. उत्तर दोन्ही वेळा बरोबरच यायचं, फक्त एकदा एका सेकंदात आणि एकदा चहा पिऊन येईपर्यंत. "चालतंय" आणि "कसं चालतंय ते कळलंय" यातला फरक फॉक्सप्रोवाल्यांना असा घड्याळात दिसायचा.

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स कंपनीच घेतली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्वतःचं ॲक्सेसही बाजारात आणलं, सुरुवातीला ९९ डॉलरला. ॲक्सेसला नावं ठेवण्यात अर्थ नाही. टेबलांमधली नाती त्यात चित्रात दिसतात, एकाला जोडलेलं दुसरं चुकून पुसलं जात नाही, आणि क्वेरी लिहायला मुळात काहीच टाइप करावं लागत नाही. नमुन्याला दिलेल्या नॉर्थविंड डेटाबेसमधलं पहिलंच प्रॉडक्ट तर 'चाय' होतं! पण ते टिंब गेलं. विझार्डने फॉर्म बनवून दिला, दुसऱ्याने रिपोर्ट. दोन तासांत दिसायला छान काहीतरी तयार. आणि मग साहेब म्हणतात, "यात आधीच्या महिन्याची थकबाकी धरा." आता विझार्ड संपले. पुढे एकदम एसक्यूएल आणि व्हिज्युअल बेसिक, दोन अनोळखी भाषा, ज्यांतला एक शब्दही त्या दोन तासांत कानावर पडलेला नाही. डीबेसमध्ये जिथे पायऱ्या होत्या तिथे इथे भिंत लागते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. डीबेसवाल्यांना वाईट सवयही लागली होती. एक रेकॉर्ड घ्या, बघा, स्किप, पुढचं घ्या. सगळा विचार रांगेतून एकेकाला हाक मारण्याचा. एसक्यूएल विचारतं पूर्ण गटाबद्दल: कोण कोण थकबाकीदार, सगळे एकदम सांग. डीबेस-फॉक्सप्रोवर वाढलेली फार हुशार माणसं मी ओरॅकलमध्ये कर्सर उघडून एकेक ओळ फिरवताना पाहिली आहेत, जिथे एका अपडेटमध्ये काम झालं असतं. यासाठी मी ॲक्सेस शिकणाऱ्याला एकच सांगतो: क्वेरी ग्रिडमध्ये ओढून बनवली की दर वेळी एसक्यूएल व्ह्यू उघडून खाली काय लिहिलं गेलंय ते वाच. महिनाभर फक्त वाच. मग एक दिवस तिथेच एक शब्द बदलून बघ. टिंब तिथे लपवून ठेवलंय.

फॉक्सप्रोचं पुढे काय झालं ते ठाऊक असेल. मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की नवीन आवृत्ती येणार नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. डीबेसची फाइल मात्र मेली नाही. नकाशांच्या कामात जी 'शेपफाइल' वापरतात, तिच्यातल्या आकारांना जोडलेली माहिती आजही .डीबीएफमध्येच असते, कॉलमच्या नावाला दहा बाइट्स या जुन्या नियमासकट. इंग्रजीत दहा अक्षरं म्हणजे तसं निभावतं. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट्स लागतात, म्हणजे बसतात फक्त तीन, काना-मात्रा धरून. वॉर्डांच्या नकाशात कॉलमला 'लोकसंख्या' असं नाव दिलंत, तर फाइलीत उरतं 'लोक'.