तिसऱ्या वर्गाचा उतारू

सन १९१७ च्या सप्टेंबर महिन्यात महात्मा गांधी मुंबईहून मेल गाडीने मद्रासला निघाले. तिकीट तिसऱ्या वर्गाचे होते आणि भाडे तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर बावीस उतारूंची संख्या लिहिलेली होती, पण ती केवळ बसण्यापुरती. दोन रात्रींच्या त्या प्रवासात पाठ टेकण्यास एक फळीही नव्हती. वाटेत माणसे कोंबली गेली ती बावीसांहून कितीतरी अधिक. या प्रवासाची हकीकत त्यांनी रांचीहून वृत्तपत्रांना पाठविली आणि तीत एक साधा हिशेब मांडला. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून अधिक असेल; परंतु तिसऱ्या वर्गाच्या उतारूस पहिल्याच्या एकपंचमांश, निदान एकदशांश तरी सोय मिळते काय?

हा प्रश्न सौजन्याचा नव्हता, राज्यकारभाराचा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, त्या वेळी निरनिराळ्या जातींचे लोक एका डब्यात बसतील की नाही, अशी शंका घेणारे शहाणे पुष्कळ होते. लोक बसले, आणि इतके बसले की उतारूंपासून होणाऱ्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा याच खालच्या वर्गातून येऊ लागला. पण रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघे. ज्याला तोट्याचे भय नाही, त्याला गिऱ्हाइकाची पर्वा कशास? शिवाय हे गिऱ्हाईक दुसरीकडे जाणारे नव्हते. बैलगाडीने मद्रासला कोण जाणार?

पहिल्या महायुद्धानंतर सर विल्यम अ‍ॅकवर्थ यांच्या समितीपुढे हा सारा कारभार आला. कंपन्यांकडेच व्यवस्था ठेवावी की सरकारने ती हाती घ्यावी, यावर समितीत फूट पडली. स्वतः अध्यक्ष सरकारी व्यवस्थेच्या बाजूचे होते. लंडनमध्ये बसून हिंदुस्थानातील गाड्या हाकण्याच्या पद्धतीला तेव्हा मोठा धक्का बसला. १९२४ मध्ये रेल्वेचा जमाखर्च सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा करण्यात आला, आणि १९२५ मध्ये जी. आय. पी. रेल्वे सरकारच्या व्यवस्थेखाली आली. मालक बदलला, बाक मात्र लाकडाचेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर जनता गाड्या निघाल्या, काही गाड्यांत झोपण्याची सोय झाली. तथापि लोकशाहीतील रेल्वेलाही प्रतिष्ठेचा मोह सुटला नाही. १९६९ मध्ये हावडा आणि नवी दिल्ली यांच्या दरम्यान वातानुकूलित राजधानी एक्सप्रेस धावू लागली, तेव्हा ही चैन कोणासाठी, असा सवाल झाला. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला. म्हणजे बहुतांशी डब्यांवरील तीन रेघांपैकी एक पुसली गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला, तो वीस दिवस चालला आणि कठोरपणे मोडण्यात आला.

मार्च १९७७ मध्ये कोकणातील राजापूर मतदारसंघाचे खासदार प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. आणीबाणीत तुरुंगवास भोगून आलेले हे समाजवादी गृहस्थ मूळचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक. संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. पण सामान्य उतारूच्या पाठीने त्यांना लक्षात ठेवले ते दुसऱ्याच कारणाने. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी घालण्याचा निर्णय त्यांनी घेतला. दोन इंच! ऐकणाऱ्याला ही बाब क्षुल्लक वाटेल. पण मुंबई ते हावडा हे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर आहे, आणि एवढे अंतर उघड्या फळीवर काढलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या दोन इंचांचे मोल विचारावे. २६ डिसेंबर १९७७ रोजी याच मार्गावर गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. जलद गाडी, आणि तीत वरचा वर्गच नाही. वेग हा श्रीमंतांचा राखीव माल नव्हे, हे त्या गाडीने प्रत्यक्ष धावून दाखविले. गाद्यांचे काम पुढे वर्षानुवर्षे चालत राहिले. मंत्रिमंडळ १९७९ मध्ये गेले, गाद्या राहिल्या.

या गाद्यांचा खर्च कोणी सोसावा, हा वाद मात्र मिटला नाही. उतारूंच्या वाहतुकीतील तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढण्याची रीत रेल्वेत मुरलेली आहे. म्हणजे कोळसा आणि सिमेंट उतारूचे भाडे भरतात. हे न्याय्य की अन्याय्य, यावर अर्थशास्त्रज्ञ खुशाल भांडोत. राजकारणी माणूस भाड्याला हात लावताना दहादा विचार करतो. मार्च २०१२ मध्ये रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी किलोमीटरमागे काही पैशांची वाढ सुचविली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या पक्षानेच त्यांना काही दिवसांत पदावरून उतरविले. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही २०१७ पासून उरला नाही.

लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना आजही पुढे व मागे काही अनारक्षित डबे जोडलेले असतात. गाडी फलाटाला लागण्याच्या कितीतरी आधीपासून, गाठोडी पायाशी ठेवून, लोक त्या डब्यांसाठी रांगेत उभे असतात.