मत्स्यविनोद : कल्याणच्या जलाशयापासून काचेच्या पेटीपर्यंत

‘विनोद’ हा शब्द आज आपण हास्याच्या अर्थाने वापरतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ मन रमविणे, काळ आनंदात घालविणे असा आहे. या जुन्या अर्थाने ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण बाराव्या शतकात लिहिले गेले आणि ज्याच्या नावावर ते आहे तो राजा आपल्याच भूमीत राज्य करीत होता. कल्याण, म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, ही त्याची राजधानी. २०१९ मध्ये शासनाने ‘हैदराबाद कर्नाटक’ हे नाव बदलून ‘कल्याण कर्नाटक’ असे केले, त्यातील कल्याण ते हेच. आज बिदर, भालकी, हुमनाबाद, कलबुर्गी येथील अनेक दिवाणखान्यांत काचेच्या पेटीत रंगीत मासे फिरताना दिसतात. या हौसेला आपल्या भागात नऊशे वर्षांची लिखित पूर्वपीठिका आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या पूर्वपीठिकेचा मागोवा घ्यावा आणि तिच्या प्रकाशात आजच्या हौसेकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ मध्ये, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हे त्याचे दुसरे नाव. वीस वीस अध्यायांच्या पाच विभागांत राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत नाना विषय त्यात आले आहेत. मराठीच्या अभ्यासकांना तो परिचित आहे तो त्यातील गीतविनोदामुळे, कारण मराठीचे अगदी आरंभीचे काही नमुने त्या प्रकरणात सापडतात. विद्वान संपादक श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला त्याचा पहिला खंड बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मत्स्यविनोदाकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेले नाही. ते काम एका मत्स्यशास्त्रज्ञाने केले. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे तत्कालीन संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि त्यातील माशांची ओळख पटविण्याचा प्रयत्न केला.

या प्रकरणात तीसहून अधिक प्रकारचे मासे नावानिशी आले आहेत. खवले असलेले व खवले नसलेले, समुद्रातील व गोड्या पाण्यातील, आकाराने मोठे, मध्यम व लहान अशी त्यांची विभागणी केली आहे. खवले नसलेल्या माशांच्या गटात आज आपण ज्यांना ‘कॅटफिश’ म्हणतो ते मिशाळ मासे येतात. त्याहून लक्षणीय भाग आहे तो खाद्याचा. कोणत्या माशाला काय रुचते याचा विचार करून तीळ, हरभऱ्याचे पीठ, शिजविलेला भात, मांसाचे तुकडे यांपासून निरनिराळे गोळे करावेत, ठरलेल्या ठिकाणी ते टाकून माशांना त्या जागेची सवय लावावी आणि मग गळ टाकावा, असा हा क्रम आहे. शेवट शिकारीत होतो, हे खरे. तेव्हा याला आजच्या अर्थाने मत्स्यपालन म्हणता येणार नाही. परंतु माशाचे नाव, त्याचे राहण्याचे ठिकाण, त्याची आवडनिवड या तिन्ही गोष्टी माहीत असल्यावाचून हा विनोद साधत नव्हता. राजाच्या करमणुकीसाठी का होईना, नदी जाणून घ्यावी लागत होती.

हे ज्ञान दरबारात कोठून आले असेल? राजवाड्यात बसून कोणाला शिंगाळ्याची सवय कळत नाही. जाळे टाकणारे, होडी चालविणारे जे लोक होते त्यांच्याकडूनच ते आले असले पाहिजे. सोमेश्वरानंतर काही दशकांनी याच कल्याणात बसवेश्वरांच्या भोवती जो शरणसमुदाय जमला, त्यात अंबिगर चौडय्या हा नावाडी होता आणि त्याची वचने आजही म्हटली जातात. पाण्यावर जगणाऱ्या माणसाची वाणी कन्नड साहित्यात अशी आदराने जपली गेली. त्याच माणसांनी माशांना दिलेली नावे जपण्याचे भाग्य मात्र आपल्या भाषांना फारसे लाभले नाही. मराठीपुरते बोलायचे तर ते काम एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून झाले.

कर्नल विल्यम साइक्स यांची मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनच्या प्रदेशाची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली. पिके, लोकसंख्या, वजनेमापे यांच्या नोंदी करता करता या गृहस्थाने पक्षी, प्राणी आणि मासे यांच्याही नोंदी केल्या. आयुष्यभर सरकारी नमुन्यांचे रकाने भरलेल्या माझ्यासारख्याला याचे विशेष कौतुक वाटते. नमुन्यात रकाना नसलेली माहितीसुद्धा त्यांनी टिपून ठेवली. दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेत वाचला गेला. भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांतील मासे त्यात आहेत. नव्या माशांना शास्त्रीय नावे देताना साइक्स यांनी अनेक ठिकाणी कोळ्यांच्या तोंडचे मराठी नाव तसेच्या तसे उचलले. शिंगाळा हा त्यांच्या लेखणीतून ‘सीनघाला’ झाला. खुडरी, कोळस, नुक्ता, मुल्या, कुतरनी, टाकरी, गुंगवारी ही नावे इंग्रजी कानाने थोडी वाकली, पण टिकली. जगातील कोणत्याही देशाचा मत्स्यशास्त्रज्ञ आज दख्खनच्या महसीरला ‘टोर खुद्री’ म्हणतो, तेव्हा तो नकळत भीमाखोऱ्यातील मराठी शब्द उच्चारीत असतो. हीच परंपरा पुढे डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी चालविली. कृष्णाखोऱ्यातील एक लहान मिशाळ मासा इतर माशांचे खवले खातो. १९५२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करताना त्यांनी त्याला ‘खवलचोर’ हेच शास्त्रीय नाव दिले.

आता काचेच्या पेटीकडे वळू. तिचा जन्म इंग्लंडातला. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती व गोगलगाई एकत्र ठेवल्यास पाणी न बदलताही दीर्घकाळ शुद्ध राहू शकते, हे प्रयोगाने दाखविले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ही हौस घरोघरी नेली. मराठी मुलखात तिला प्रतिष्ठा मिळाली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. एका पारशी दात्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. मुंबईस गेलेला आपल्याकडचा पाहुणा राणीचा बाग आणि मत्स्यालय पाहिल्यावाचून परतत नसे.

आपल्या भागात परदेशी शोभेचा मासा प्रथम आला तो मात्र शोभेसाठी आला नव्हता. डासांमुळे हिवताप पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच संस्थानात, मिळाला. त्यानंतर डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांचा शोध सुरू झाला. दक्षिण अमेरिकेतील गप्पी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणि गंबुसिया १९२८ मध्ये भारतात आणले गेले. वाड्यातील आडात, हौदात गप्पी सोडण्याची पद्धत पुढे आरोग्य खात्याने गावोगाव पोहोचविली. कित्येक घरांतील मत्स्यपालनाचा श्रीगणेशा काचेच्या बरणीतल्या या गप्पींनीच झाला.

पुढे लोखंडी कोनपट्टीच्या चौकटीत लांबी भरून बसविलेल्या जड पेट्या आल्या. नंतर सिलिकॉनने काचेला काच चिकटविता येऊ लागली आणि पेटी हलकी व स्वस्त झाली. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मासे दूरवर धाडता येऊ लागले. चेन्नई, कोलकाता येथे पैदास केलेले मासे हैदराबादेवरून आपल्याकडे सहज येऊ लागले. ज्या घरांत मासे खाणे पिढ्यान् पिढ्या वर्ज्य, त्या घरांतही ही पेटी मानाने विराजमान झाली. माशाशी त्या घरांची पहिली ओळख अशी काचेतून झाली.

या पेटीत मिशाळ माशांना खास स्थान आहे. त्यांच्या मिशा म्हणजे चव आणि स्पर्श ओळखणारी इंद्रिये होत. गढूळ पाण्यात किंवा अंधारात डोळ्यांचे काम त्या करतात. कॉरिडोरास हा लहानसा मासा तळाशी पडलेले अन्न टिपत फिरतो. त्याला एकटे ठेवू नये, पाच-सहांचा गट असावा आणि तळाची वाळू बारीक असावी, नाहीतर मिशा झिजतात. आपल्याकडे दोन अडचणी नेहमीच्या. एक म्हणजे बोअरचे जड पाणी आणि दुसरी म्हणजे उन्हाळा. कलबुर्गीत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो. अशा वेळी आपला देशी शिंगी तग धरतो, कारण पृष्ठभागावर येऊन हवा घेण्याची सोय निसर्गाने त्याला दिली आहे. आणखी एक गोष्ट नवशिक्याने ध्यानी ठेवावी. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि त्याचे कमी घातक द्रव्यात रूपांतर करणारे जिवाणू नव्या पेटीत रुजायला काही आठवडे लागतात. पेटी आणल्या दिवशीच ती माशांनी भरणे म्हणजे त्यांना विषात सोडणे होय.

येथवर हौसेची कथा झाली. तिची दुसरी बाजू नदीकाठी दिसते. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून दुकानदार ‘सकर’ नावाचा मिशाळ मासा देतो. विकत घेताना तो बोटाएवढा असतो. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा, आणि पूर्ण वाढला की फूट-दीड फुटाचा होतो. पेटीत मावेनासा झाला की मारण्याचे पाप नको म्हणून लोक त्याला तळ्यात वा नदीत सोडून देतात. हेतू दयेचा असतो, परिणाम वेगळाच होतो. त्याच्या अंगावर हाडांचे कवच असते, त्यामुळे त्याला खाणारे फार थोडे. कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो जगतो, काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो आणि जाळ्यात सापडला तर काट्यांनी जाळे फाडतो. बाजारात त्याला किंमत नाही. भीमेवरील उजनी जलाशयात हा मासा पसरला असून तेथील मच्छीमार त्याने त्रस्त झाले आहेत. आफ्रिकी मांगूर हा दुसरा मिशाळ मासा खाण्यासाठी म्हणून आला. तो अत्यंत खादाड असल्याने केंद्र शासनाने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली, आणि तरीही उजनीच्या परिसरातील त्याची चोरटी तळी पुढे शासनाला नष्ट करावी लागली.

उजनीचे पाणी आपल्यापासून दूर नाही. तीच भीमा अफजलपूर तालुक्यात येते, गाणगापूरच्या संगमावर आपण तिच्यातच स्नान करतो. बिदरची मांजरा गोदावरीला मिळते आणि कलबुर्गीची भीमा कृष्णेला. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांत दख्खनची दोन्ही मोठी खोरी येतात. पाण्याला भाषावार प्रांतरचनेची सीमा ठाऊक नसते. वरच्या अंगाला कोणी एक सकर सोडला तर त्याचा वंश खालच्या अंगाला आज ना उद्या पोहोचणारच. साइक्स यांनी ज्या नदीत शिंगाळा, कुतरनी, टाकरी पाहिले, त्या नदीत आता या माशांना परक्या पाहुण्यांशी स्पर्धा करावी लागत आहे. धरणे, मळी, वाळूउपसा यांनी आधीच त्यांचे जिणे अवघड केले आहे. त्यात घरातील हौसेने भर घालू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

म्हणून दोन सूचना करतो. पहिली पेटी बाळगणाऱ्यांसाठी. नको झालेला मासा कधीही विहिरीत, तळ्यात वा नदीत सोडू नये. तो दुकानदारास परत करावा किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावा. सकर तर मुळात विकतच घेऊ नये. शेवाळ काढायला हात आणि स्पंजाचा तुकडा पुरतो.

दुसरी सूचना आपल्यासारख्या साहित्यप्रेमींसाठी. आपल्या जुन्या मराठी घराण्यांनी या सीमाभागात पोथ्या, बखरी, सनदा जपल्या. परंतु भीमेच्या आणि मांजरेच्या काठी जी माशांची नावे आज वृद्ध मच्छीमारांच्या तोंडी आहेत, ती कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांतील काही मराठी असतील, काही कन्नड, काही दखनी, तर काही तिन्हींच्या सरमिसळीतून झालेली. ज्या माशाचे नाव विसरले जाते, तो नाहीसा झाल्याचेही कोणाच्या लक्षात येत नाही. मंडळाच्या सभासदांनी आपापल्या तालुक्यातील नदीकाठच्या एकेका गावी जावे, ज्येष्ठ मच्छीमारांशी बोलावे, नाव, माशाचे वर्णन आणि गाव एवढ्या तीन रकान्यांत नोंद करावी. सोमेश्वराच्या दरबारी हे काम झाले, साइक्स यांनी ते केले. पुढच्या नोंदी करण्याची पाळी आता आपली आहे, आणि त्यासाठी सरकारी नेमणुकीची गरज नाही.