झोपेचा गृहपाठ

हे गेले त्या वर्षापासून माझी झोप मोडली. घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. दीडला जाग यायची, मग दोन, अडीच, तीन असं घड्याळ बघत पडायचं आणि दूधवाल्याची बेल वाजायच्या सुमारास डोळा लागायचा. डॉक्टरांनी दिलेली गोळी काही महिने घेतली. पुढे सकाळी उठताना तोल जायला लागला, तशी त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू बंद केली. मग लेकीने संगणकावर झोपेच्या उपचाराचा सहा आठवड्यांचा एक कार्यक्रम लावून दिला. तो मी तिसऱ्याच आठवड्यात सोडला. शेवटी एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले. गंमत अशी की त्यांनी सांगितलेलं सगळं त्या कार्यक्रमात होतंच. तेच नियम, तीच रोजनिशी. मग तिथे जमलं नाही ते इथे कसं जमलं?

इतिहास शिकवण्यात जन्म गेला. त्यामुळे कुठलाही प्रश्न पडला की 'हे कधीपासूनचं?' असं आधी विचारायची खोड आहे. म्हणून थोडं वाचून काढलं, ते मांडते.

निद्रानाशावर औषध शोधण्याची धडपड जुनी. १८६९ मध्ये जर्मनीत क्लोरल हायड्रेट झोपेसाठी देऊ लागले. १९०३ मध्ये बार्बिटल आलं, १९६० नंतर लिब्रियम आणि व्हॅलियमच्या कुळातल्या गोळ्या आल्या. प्रत्येक नवी गोळी आधीच्यापेक्षा सुरक्षित म्हणून आली आणि काही वर्षांनी तिचीही सवय जडते असं दिसलं. यात आपल्या देशाचाही वाटा आहे. मलेरियावर औषध शोधताना १९५१ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी मेथाक्वालोन तयार केलं. पुढे ते झोपेचं औषध म्हणून जगभर विकलं गेलं आणि 'मॅन्ड्रॅक्स' या नावाने नशेसाठी बदनाम झालं.

गोळीशिवायची वाट १९७२ मध्ये रिचर्ड बूट्झिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवली. त्याचं म्हणणं साधं होतं. तळमळत पडून पडून अंथरुणाची आणि जागरणाची गाठ बसते, ती सोडवायची. म्हणून झोप आली तरच आडवं व्हायचं. अंथरुणात वाचन नको, हिशेब नको, काळज्या नकोत. झोप येईना तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि डोळे पेंगले की परत यायचं. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं. दुपारची वामकुक्षी बंद. सगळे नियम पोस्टकार्डावर मावतील!

१९८७ मध्ये आर्थर स्पीलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यात एक कडू मात्रा घातली. जेवढी झोप प्रत्यक्षात लागते, साधारण तेवढाच वेळ अंथरुणात घालवायचा. पाच तास झोप लागत असेल तर आठ तास लोळायचं नाही. झोप सलग लागू लागली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत न्यायची. पहिले काही दिवस अगदी पेंगत जातात. (अपस्मार किंवा तीव्र मानसिक आजार असणाऱ्यांनी हे परस्पर करू नये, डॉक्टरांना विचारावं.) याला विचारांची सफाई जोडली, म्हणजे 'आज झोपले नाही तर उद्या काही खरं नाही' असल्या धास्तीशी वाद घालणं, आणि त्यातून आजचा उपचार उभा राहिला. 'सीबीटी-आय' म्हणतात तो हाच.

कॅनडातल्या चार्ल्स मोरीन यांनी १९९९ मध्ये ७८ वयस्क माणसांवर केलेला अभ्यास मला जवळचा वाटला. काहींना गोळी, काहींना हा उपचार, काहींना दोन्ही आणि काहींना नुसती खोटी गोळी दिली होती. गोळीने आणि उपचाराने, दोहोंनी सुरुवातीला फायदा झाला. पण दोन वर्षांनी टिकला तो नुसता उपचार घेणाऱ्यांचा. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने निद्रानाशावर आधी हा उपचार द्या, गोळीचा विचार नंतर, असं सांगितलं.

पण देणार कोण? हे शिकलेले उपचारक सगळीकडेच कमी. म्हणून इंटरनेट पुढे आलं. २००४ मध्ये स्वीडनमध्ये त्याची पद्धतशीर चाचणी झाली, २००९ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात. २०१२ मध्ये कॉलिन एस्पी यांच्या 'स्लीपिओ' या कार्यक्रमाची १६४ जणांवरची चाचणी आली. त्यात माणूस नाही. पडद्यावर चित्रातला एक प्राध्यापक शिकवतो. त्यानेही लोकांची झोप सुधारली, हे नाकारता येत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने त्याची शिफारस केली.

मग समोरासमोर बसण्यात जास्त काय आहे? इथे निकाल एका सुरात बोलत नाहीत. स्वीडनमध्येच २०१५ मध्ये इंटरनेटवरचा उपचार समोरासमोरच्या गटापेक्षा कमी पडला नाही; मात्र त्या इंटरनेटमागे उपचारक होता. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये ९० जणांच्या अभ्यासात समोरासमोरचा उपचार सरस ठरला, आणि तिथे तर ऑनलाइनवाल्यांनाही मार्गदर्शन मिळत होतं. २०२१ मध्ये नॉर्वेत १०१ रुग्णांपैकी काहींना आपोआप चालणारा कार्यक्रम दिला, काहींना प्रत्यक्ष उपचारक. नऊ आठवड्यांनी सुधारणा दोघांत होती, उपचारकाकडे जास्त. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ६५ जणांच्या अभ्यासात मात्र व्हिडिओवर भेटणारा उपचारक प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी पडला नाही.

हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा मला वाटलं, भांडण पडदा आणि खुर्ची यांचं नाहीच. पलीकडे माणूस आहे का, आणि तो आपल्याला किती ओळखतो, हा खरा प्रश्न.

आता कबुली देते. संगणकाच्या रोजनिशीत मी खोटं लिहीत होते. साडेनऊला आडवी व्हायचे आणि साडेअकरा टाकायचे. यंत्राला थाप मारताना लाज वाटत नाही हो! चाळीस मुलांच्या वह्या तपासणारी मी, वही तपासायला कुणी नाही म्हटल्यावर पहिल्या बाकावरून थेट शेवटच्या बाकावर गेले.

बाईंपुढे ते चालेना. दुसऱ्या आठवड्यात वही चाळून त्यांनी विचारलं, "काकू, मंगळवार कोरा का?" मंगळवारी यांची तिथी होती. मी सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आणि बुधवारी किती वाजता उठलात?" मी म्हटलं, "साडेपाचला. ठरल्याप्रमाणे." त्यांनी वहीत बरोबरची खूण केली. सत्तरी ओलांडलेल्या मास्तरीणबाईंना त्या खुणेचा काय आनंद झाला म्हणून सांगू!

पुढे पावसाळ्यात गुडघा धरला, तेव्हा राहिलेल्या भेटी आम्ही व्हिडिओवरच केल्या. वही कॅमेऱ्यापुढे धरायची. काही बिघडलं नाही.

तेव्हा ज्यांच्या गावात असा उपचारक नाही त्यांनी संगणकावरचा कार्यक्रम जरूर करावा. नियम तेच आहेत आणि ते खरे आहेत. फक्त रोजनिशी दर आठवड्याला कुणाला तरी दाखवावी. सून, भाऊ, शेजारीण, कुणीही चालेल. कोऱ्या मंगळवाराबद्दल विचारणारं माणूस हवं.

सध्या मी साडेअकराला झोपते, साडेपाचला उठते. मधे कधी तरी जाग येते. तेव्हा उठून बाहेरच्या खोलीत यांच्या खुर्चीत बसते, आणि डोळे पेंगले की परत जाते. नियमातच आहे ते.